कुंचला संगणकाचा, पण दृष्टी कोणाची?

मे महिना आला की वसईच्या किल्ल्यात नरवीर चिमाजी अप्पांच्या विजयाचे स्मरण होते. १७३९ च्या मे महिन्यात मराठी फौजांनी येथील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आणली आणि उत्तर कोकणच्या इतिहासाला कलाटणी मिळाली. या दिवसाच्या निमित्ताने, तसेच शिवजयंती, गणेशोत्सव, नवरात्र अशा प्रत्येक प्रसंगी वसई, नालासोपारा, विरारच्या चौकाचौकांत फलक झळकतात. हे फलक एकेकाळी गावातला पेंटर रंगवीत असे. पत्र्यावर खडूने चौकट आखून, आठ-आठ दिवस शिडीवर उभे राहून तो महाराजांचा घोडा उभा करी. पुढे फ्लेक्सची छपाई आली आणि पेंटरची शिडी अडगळीत गेली. आता त्याच्याही पुढचा टप्पा आला आहे. मंडळाचा कार्यकर्ता भ्रमणध्वनीवर दोन ओळी लिहितो आणि चहाचा पेला रिकामा होण्याआधी युद्धाचे भव्य चित्र तयार होते. रात्री छपाई, पहाटे फलक चौकात.

चित्र दिपवणारे असते. आभाळात तांबूस ढग, धुरातून झेपावणारे घोडे, तलवारीच्या पात्यावर सूर्याची तिरीप. चित्रकलेचा विद्यार्थी दहा वर्षे रियाज करूनही कदाचित एवढी सफाई मिळवणार नाही. परंतु क्षणभर थांबून पाहिले तर काय दिसते? वसईच्या नावाखाली दिसतो तो डोंगरमाथ्यावरचा, बहुधा राजस्थानी वळणाचा किल्ला. वास्तविक वसईचा किल्ला सपाट भूमीवर, समुद्र आणि खाडी यांच्या कुशीत, काळ्या दगडात उभा आहे. त्याची तटबंदी फोडली ती घोड्यांच्या झेपेने नव्हे, तर बुरुजाखाली सुरुंग पेरून. त्या सुरुंगांसाठी तटाच्या पायथ्याशी, माथ्यावर गोळ्यांचा वर्षाव होत असताना, माती उकरीत राहिलेल्या माणसांचा तो विजय होता. पावसाळा तोंडावर आला होता. तो सुरू झाला असता तर वेढाच उठवावा लागला असता. ही घालमेल, हा चिवटपणा, हा घाम त्या तांबूस आभाळात कोठेच नसतो. चित्र वसईचे म्हणून लावले जाते. पण त्यात वसई नसते.

डिजिटल चित्रकलेच्या निमित्ताने सध्या तंत्र श्रेष्ठ की कलादृष्टी, असा जो वाद घातला जातो, त्याचे मूळ येथे आहे. हा वाद केवळ चित्रकारांच्या वर्तुळापुरता असता, तर इतरांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या समाजाच्या देवांची, वीरांची आणि पूर्वजांची चित्रे यापुढे प्रामुख्याने संगणकावरच तयार होणार आहेत, त्या समाजाला हा प्रश्न टाळता येणार नाही.

यंत्र हा शत्रू नव्हे

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यंत्राला नावे ठेवून हा प्रश्न सुटणारा नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाप्रेस सुरू केला तेव्हा यंत्रे परदेशी होती आणि तंत्रज्ञही जर्मन होते. तैलरंगाचे माध्यम युरोपातले होते. त्या छापील चित्रांवरही तेव्हा टीका झाली. पण लक्ष्मी आणि सरस्वती सामान्य माणसाच्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचल्या त्या याच यंत्रातून. ज्यांना गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्याही भिंतीवर देव विराजमान झाले. तंत्र बाहेरचे होते. काय रंगवायचे आणि का रंगवायचे, याचा निर्णय मात्र भारतीय मनाचा होता.

त्याच छापखान्याच्या कामाशी पुढे संबंध आलेले धुंडिराज गोविंद फाळके यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांना पडद्यावर राम आणि कृष्ण दिसू लागले, ही हकीगत मराठी माणसाला ठाऊक आहे. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या वेळी फाळके यांच्यापाशी कॅमेरा नव्हता, पैसा नव्हता, तंत्राचे पुरते ज्ञानही नव्हते. होती ती फक्त दृष्टी. त्या दृष्टीपोटी ते इंग्लंडला गेले, यंत्र शिकले, घरातल्या वस्तू गहाण टाकल्या आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’मधील चमत्कृती आज बाळबोध वाटतील, पण ती तंत्रे त्या कथेची गरज म्हणून जन्माला आली होती. आज बव्हंशी उलटा प्रवास दिसतो. साधन आधी हातात येते आणि मग त्याच्याकडून काय करून घ्यावे, याचा शोध सुरू होतो.

षडंगांचा निकष

भारतीय परंपरेने हा विचार फार पूर्वी केला आहे. वात्स्यायनाच्या ग्रंथावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. आकारांचे भेद ओळखणे हे रूपभेदाचे क्षेत्र, मापांचा मेळ प्रमाणाचे, मूळ वस्तूशी साम्य सादृश्याचे आणि रंग-कुंचल्याची हाताळणी वर्णिकाभंगाचे. उरलेली दोन अंगे म्हणजे भाव आणि लावण्ययोजना. या सहा अंगांपुढे आजच्या संगणकाला उभे केले तर काय आढळते? पहिल्या चार अंगांत त्याची मजल विलक्षण आहे. टॅब्लेटवरील लेखणी हाताच्या दाबानुसार रेषा जाड-बारीक करते. थरांवर थर चढवून रंगसंगती हवी तशी बदलता येते. चूक झाली तर एक कळ दाबताच ती पुसली जाते. वर्णिकाभंगाला जेथे वर्षे लागत, तेथे आता महिने पुरतात.

परंतु भाव कळ दाबून उमटत नाही. भाव म्हणजे चेहऱ्यावरचे हसू किंवा आसू एवढेच नव्हे. ज्याचे चित्र काढायचे त्याच्याशी चित्रकाराचे जडलेले नाते म्हणजे भाव. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तील चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला मूर्ती घडवण्याआधी चित्र, चित्राआधी नृत्य, नृत्याआधी वाद्य आणि त्याही आधी गीत जाणून घ्यायला सांगतात. या संवादाचा मथितार्थ आजही तितकाच ताजा आहे. चित्र केवळ हाताने निघत नाही. चित्रकाराने काय ऐकले, काय वाचले, तो कोणत्या उत्सवात रमला, कोणत्या दुःखाने हेलावला, हे सारे त्याच्या रेषेत उतरते. दृष्टी म्हणतात ती हीच.

याचा पडताळा अलीकडे दोन रामकथांनी दिला. २०२३ साली ‘आदिपुरुष’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. शेकडो कोटी रुपये, संगणकीय दृश्यांची अफाट सामग्री आणि देशभरातील पडदे, कशाचीही वाण नव्हती. तरीही त्याची पहिली झलक पाहताच प्रेक्षक बिथरले, प्रदर्शनानंतर संवाद बदलण्याची पाळी आली आणि रामभक्तांनीच त्याकडे पाठ फिरवली. उलट १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या युगो साको यांनी भारतातील ज्येष्ठ ॲनिमेटर राम मोहन यांच्या सहकार्याने हाताने काढलेल्या चित्रांतून ‘रामायण’ साकारले. धोतराच्या निऱ्या कशा पडतात, नमस्कार कसा करतात, अशा बारीकसारीक गोष्टी भारतीय सहकाऱ्यांकडून समजावून घेत जपानी चित्रकारांनी काम केले. २०२५ साली तो चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा झळकला, तेव्हा ज्यांनी तो बालपणी दूरदर्शन संचावर पाहिला होता ते आपल्या मुलांना घेऊन गेले. रामाविषयीची समज आणि श्रद्धा या दोन निर्मितींत किती मुरलेली होती, हे सामान्य प्रेक्षकाला कोणत्याही समीक्षकाने सांगावे लागले नाही.

सरासरीचे सौंदर्य

येथवरचा विचार साधनांपुरता झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेने मात्र प्रश्न एक पायरी वर नेला आहे. टॅब्लेटवर चित्र काढणारा अखेर चित्र काढतच असतो. शब्दांची आज्ञा देऊन चित्र मिळवणारा काय करतो? २०२२ साली अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या जत्रेतील स्पर्धेत, डिजिटल कलेच्या विभागात पहिले बक्षीस मिळाले ते अशा यंत्रनिर्मित चित्राला. शेकडो वेळा आज्ञा बदलून हे चित्र साकारले, असे विजेत्याचे म्हणणे होते. तरीही तेथील स्वामित्वहक्क कार्यालयाने २०२३ साली त्या चित्राची नोंदणी नाकारली; कारण यंत्राने केलेल्या भागाला मानवी कर्तृत्व मानण्याची त्याची तयारी नव्हती.

त्या विजेत्याच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. निवड करणे हाही कलेचा भाग आहे. छायाचित्रकारही निवडच करतो. पण तो साक्षात सृष्टीतून निवडतो. ही यंत्रे पूर्वी निघालेल्या कोट्यवधी चित्रांवर पोसलेली आहेत. ज्याची चित्रे विपुल, ते यंत्राला सहज जमते. ज्याची चित्रे विरळ, तेथे ते विपुलाचीच भर घालते. म्हणून वसईचा किल्ला मागितला तर राजस्थानी वळणाचा किल्ला हाती येतो. म्हणून मावळ्याच्या पागोट्याची घडी चुकते आणि नऊवारीचा कासोटा नाहीसा होतो. यंत्राला द्वेष नाही, कपटही नाही. त्याला सरासरी ठाऊक आहे, विशेष ठाऊक नाही. आणि संस्कृती म्हणजे तर विशेषांचाच ठेवा.

मार्च २०२५ मध्ये जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत स्वतःची चित्रे करून घेण्याची लाट आली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतही ती शिरली. लग्नाचे फोटो, नातवंडांचे फोटो, सहलींचे फोटो क्षणात त्या मऊ रंगांत न्हाऊन निघाले. त्यात गैर काही नव्हते, मौजच होती. मात्र ज्या स्टुडिओची ती शैली, तेथे एका चित्रपटातील अवघ्या चार सेकंदांच्या गर्दीच्या दृश्यासाठी एका चित्रकाराने १ वर्ष ३ महिने खर्ची घातले होते. त्या गर्दीतला प्रत्येक माणूस कोठे निघाला आहे, हे त्याने मनाशी पाहिले होते. लाटेने त्या शैलीचे कवच उचलले. आतले पाहणे उचलता आले नाही.

चेहऱ्यामागचे सत्य

महाराष्ट्राला या बाबतीत एक जुना धडा मिळालेला आहे. एके काळी इब्राहिम खान नामक सरदाराचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून प्रचारात होते. ते चित्र रेखाटनात कमी नव्हते. सत्यात खोटे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रांचा माग काढीत १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र समाजापुढे आणले. एका चेहऱ्यासाठी एका विद्वानाने किती खटाटोप करावा! कोल्हापूरचे जी. कांबळे हे मूळचे चित्रपटांची पोस्टरे रंगवणारे कलावंत. आजच्या भाषेत सांगायचे तर फ्लेक्सच्या दुनियेतला माणूस. पण महाराजांचे चित्र रंगवायला बसले तेव्हा त्यांनी अभ्यासाची आणि साधनेची वाट धरली. त्यांनी साकारलेले चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले आणि शासकीय कार्यालयांतून ते लागले. व्यवसाय बाजारू असला तरी दृष्टी बाजारू असावी लागत नाही, हे या कलावंताने सिद्ध केले.

आज परिस्थिती अशी आहे की कोणताही माणूस महाराजांचा, चिमाजी अप्पांचा किंवा अहिल्यादेवींचा नवा चेहरा काही सेकंदांत तयार करू शकतो. उद्याची पिढी या चेहऱ्यांच्या गर्दीत वाढणार आहे. खरा चेहरा कोणता, हे विचारण्याची सवयच मोडली, तर बेंद्रे यांच्यासारख्यांचे श्रम पाण्यात जातील. इतिहासाचे विकृतीकरण नेहमी शत्रूच करतो असे नाही. आळसावलेला भक्तही ते करू शकतो.

पालघरच्या भिंतीवरील चौक

दृष्टी आणि तंत्र यांचे नाते समजून घ्यायला पालघर जिल्ह्यातील माणसाला दूर जावे लागत नाही. डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर वारली समाजातील सवाशिणी लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर चौक लिहितात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा. याहून तुटपुंजे तंत्र जगात शोधून सापडणार नाही. परंतु त्या चौकात पालघट देवी अवतरते आणि तिच्या साक्षीशिवाय विवाह पूर्ण मानला जात नाही. चित्र तेथे शोभेसाठी नसते. ते विधीचे अंग असते.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही कला कागदावर उतरवण्यासाठी प्रोत्साहन दिले आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगापुढे आले. तंत्र बदलले, भिंतीऐवजी कागद आला, स्त्रियांच्या विधीतून पुरुषाच्या हाती काडी आली. तरीही त्यांच्या मासेमारीच्या जाळ्यात आणि तारप्याभोवती फिरणाऱ्या नर्तकांत त्या मातीचा श्वास कायम राहिला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. माध्यम बदलूनही दृष्टी टिकू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता? याउलट आज पेले, चादरी आणि इमारतींच्या भिंतींवर ‘वारली’ म्हणून जी चित्रे संगणकावरून छापली जातात, त्यांतील त्रिकोण बिनचूक असतात. पण ते कोणाच्या लग्नाचे नसतात, कोणत्या देवीचे नसतात. या कलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र कागदावरचे संरक्षण पुरेसे नाही. वनवासी बांधवाच्या हातून चित्र विकत घेणारा ग्राहक जोवर वाढत नाही, तोवर मानांकनाचा लाभ पाड्यापर्यंत पोहोचणार नाही.

हीच गोष्ट रांगोळीची. संस्कार भारतीच्या कार्यकर्त्यांनी पाच बोटांतून रंग सोडण्याची पद्धत गावोगावी नेली आणि महाराष्ट्रातील रस्ते, मंडप, मंदिरांची प्रांगणे सजली. त्या रांगोळीत आठ-दहा जणी रात्रभर एकत्र बसतात. गप्पा होतात, चुका होतात, दुरुस्त होतात. आता तशाच आकृतीचे छापील स्टिकर बाजारात मिळतात. उंबरठ्यावर चिकटवले की काम संपले. आकृती तीच, पण त्यातून झालेले संघटन आणि घडलेला संस्कार कोठे गेला?

पालकांपुढील प्रश्न

विषय येथेच थांबला तर तो हळहळीचा ठरेल. वसई-विरारसारख्या शहरांत हा रोजगाराचाही प्रश्न आहे. येथून रोज सकाळी लोकलने मुंबई गाठणाऱ्या गर्दीत ॲनिमेशन, जाहिरात आणि चित्रपटांच्या संगणकीय दृश्यांवर काम करणारे शेकडो तरुण असतात. कर्ज काढून पालकांनी त्यांना अभ्यासक्रमांना घातलेले असते. अशा अनेक वर्गांत मुख्यत्वे प्रणाली शिकवल्या जातात. कोणती कळ दाबली की काय होते, हे ज्ञान दोन-तीन वर्षांत शिळे होते. आणि नेमके हेच काम यंत्र आता स्वतः करू लागले आहे. ज्याच्यापाशी केवळ तंत्र आहे, त्याची जागा सर्वप्रथम जाणार, हे उघड आहे. ज्याला शरीररचना कळते, प्रकाश कळतो, कथा कळते, पुराण आणि इतिहास कळतो, तो यंत्राला कामाला लावील.

म्हणून मुलाला महागडा टॅब्लेट घेऊन देण्यापूर्वी पालकांनी त्याच्या हातात साधी पेन्सिल द्यावी. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसतात. पण त्यामागे बहुतेक घरांत दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेब असतो. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. कलेकडे पाहण्याची हीच वृत्ती पुढे संगणकावरही उतरते. व्यक्तिचित्रणासाठी २००६ साली अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च सन्मान आणि २०२५ साली पद्मश्री मिळवणारे, संस्कार भारतीच्या अखिल भारतीय अध्यक्षपदाची धुरा वाहिलेले वासुदेव कामत यांची चित्रे पाहावीत. अव्वल दर्जाचे तंत्र आणि रामायण-महाभारतात मुरलेली दृष्टी यांत विरोध नसतो, हे त्यांतून कळते. तंत्र कच्चे ठेवून दृष्टीच्या गप्पा मारणे हाही एक पळपुटेपणाच आहे. ज्याची रेषा थरथरते, त्याची भक्ती कितीही खरी असली तरी ती पाहणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

सार्वजनिक मंडळांचे कर्तव्य याहून सोपे आहे. मंडप, ध्वनिक्षेपक आणि रोषणाईवर लाखो रुपये खर्च होतात. त्यातील अल्प भाग राखून गावातील एखाद्या कलाविद्यार्थ्याला वर्षातून एक चित्र काढण्यास सांगता येईल. त्याने ते संगणकावर काढले तरी हरकत नाही. अट एकच असावी: काढण्यापूर्वी त्याने वसईच्या किल्ल्यात जाऊन तट, बुरूज आणि खाडी पाहावी, मे महिन्याचे ऊन अंगावर घ्यावे, एखाद्या जाणकाराकडून वेढ्याची हकीगत समजून घ्यावी. चित्राखाली त्याचे नाव छापावे आणि मोबदला रोख द्यावा. असे दहा मंडळांनी दहा वर्षे केले, तर या एका शहरात शंभर अस्सल चित्रे उभी राहतील आणि ती काढताना इतिहास जगलेले तितकेच तरुणही. यंत्राकडून फुकट मिळणाऱ्या हजार चित्रांपेक्षा समाजाला या शंभरांची गरज अधिक आहे.